मादाम बोव्हारी (चित्रपट)

मादाम बोव्हारी : ग्यूस्ताव्ह फ्लोबेअर (१८२१–८०) ह्या श्रेष्ठ फ्रेंच कादंबरीकाराच्या ह्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला अमेरिकन चित्रपट. ‘मेट्रो-गोल्डविन-मेयर’ ह्या संस्थेने तो १९४९ मध्ये प्रदर्शित केला. निर्माता पँड्रो बर्मन, दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली (१९०३–८६), पटकथाकार रॉबर्ट आर्ड्री (१९०८–८०) आणि संगीतकार मिक्लोश रोझा (१९०७–९५). जेनिफर जोन्स (एम्मा), व्हॅन हेफ्लिन (शार्ल), लुई जूर्दां (रोदोल्फ) व जेम्स मेसन (फ्लोबेअर) ह्यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. कादंबरीवर १८५७ मध्ये भरलेला अनीतीचा खटला हीच ह्या चित्रपटाच्या कथेची चौकट आहे. खुद्द लेखक न्यायालयात उभा राहून आपल्या नायिकेची कहाणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. कलाकृतीने आपल्या पात्रांविषयी नैतिक निवाडा दिलाच पाहिजे काय, हा वाद एकोणिसाव्या शतकात ग्रंथांच्या आणि विसाव्या शतकात चित्रपटांच्या संदर्भात झाला. हे दोन्ही वाद ह्या चित्रपटात एकत्र आले असल्यामुळे साहित्यकृतींच्या चित्रपट-रूपांतरांच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आहे.

कादंबरी : फ्लोबेअरने मादाम बोव्हारी ही कादंबरी रूआन शहराजवळील क्रॉइसे येथील आपल्या घरी १८५१ ते १८५६ ह्या काळात लिहिली. ‘प्रांतीय जीवनरीती’ ह्या अर्थाचे उपशीर्षक तिला आहे. नॉर्मंडीतील एका सुखवस्तू शेतकऱ्याची मुलगी एम्मा रूओ हिचे शिक्षण रूआनच्या एका मठात होते. तेथे वाचलेल्या अद्भुतरम्य कथा-कादंबऱ्यांनी तिच्या मनात प्रेमाच्या आणि वैभवाच्या काही कल्पना दृढमूल होतात. शार्ल बोव्हारी ह्या सालस पण सामान्य कुवतीच्या, दुय्यम दर्जाची परवानगी असलेल्या वैद्यकव्यावसायिकाशी तिचा विवाह होतो. संसाराच्या एकसुरीपणाला कंटाळलेली एम्मा प्रथम रोदोल्फ ह्या जमीनदाराच्या आणि नंतर लेआँ ह्या वकिलाच्या कारकुनाच्या प्रेमात पडते. ल्यूरो हा कापडाचा व्यापारी तिला उधारीवर चैनीच्या वस्तू पुरवितो व हुंड्यांवर सह्या घेऊन कर्जात गुंतवितो. घरातील चीजवस्तूंवर जप्ती येते, दोन्ही प्रियकर पाठ फिरवितात आणि अखेर एम्मा सोमल खाऊन प्राण देते. पुढे शार्लही मरतो व त्यांची लहान मुलगी बेर्त हिला पोटासाठी सूतगिरणीत काम करावे लागते. गावातील औषधविक्रेता ओमे ह्याला मात्र ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळतो आणि ह्या वार्तेनेच कादंबरी संपते.

कथानक एवढे साधे असूनही तिचे वेगळेपण निवेदनपद्धतीत आहे. पात्राचे मनोगत पात्राच्याच शब्दकळेत, परंतु तृतीयपुरुषी निवेदनात मांडण्याची पद्धती फ्लोबेअरने येथे पूर्णत्वास नेली. लेखकाने आपल्या कृतीत सर्वत्र असावे, पण कोठेही दिसू नये, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे एम्माच्या वर्तनावर टीका करणारा किंवा तिची कीव करणारा लेखकाचा स्वर ह्या कादंबरीत ऐकू येत नाही. वाचकाला तिच्या स्वप्नांतील मोह जाणवतो आणि त्यांतील पोकळपणाही जाणवतो. ह्या दोहोंपैकी कोणता धरावा, हे कादंबरी सांगत नाही.

खटला : ऑक्टोबर ते डिसेंबर १८५६ ह्या काळात ही कादंबरी रेव्ह्यू द पारी ह्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. संपादकांनी सावधगिरी म्हणून तिच्यातील काही भाग गाळला होता. एम्मा व लेआँ पडदे ओढलेल्या घोडागाडीतून रूआन शहरभर फिरतात, हा प्रसिद्ध प्रसंग गाळलेल्या भागांत होता. तरीही तिसऱ्या नेपोलियनच्या शासनाने सार्वजनिक व धार्मिक नीतीचा भंग केल्याच्या आरोपावरून लेखक, नियतकालिकाचा व्यवस्थापक व मुद्रक ह्यांच्यावर खटला भरला. पॅरिसच्या न्यायालयात २९ जानेवारी १८५७ रोजी सुनावणी झाली.

सरकारी वकील एर्नेस्त पीनार ह्याच्या युक्तिवादातील एक मुद्दा वाङ्मयीन दृष्ट्या अतिशय मार्मिक होता. ह्या कादंबरीत एम्माचा निषेध करण्याचा अधिकार असलेले एकही पात्र नाही, असे त्याने दाखवून दिले. पती तिच्या मृत्यूनंतरही तिच्यावर प्रेमच करतो, औषधविक्रेता हास्यास्पद आहे आणि धर्मगुरूही त्याच्याइतकाच हास्यास्पद आहे. मग तिच्या पापाला पाप म्हणणार कोण, असा त्याचा प्रश्न होता. फ्लोबेअरचा वकील झ्यूल सेनार हा १८४८ च्या राज्यक्रांतीच्या काळात संविधानसभेचा अध्यक्ष व गृहमंत्री राहिलेला वजनदार गृहस्थ होता. एम्माला मिळणारे भयानक मरण हीच तिला झालेली शिक्षा असून, दुर्गुणाची किळस उत्पन्न करून सद्गुणाकडे वळविणे हाच ग्रंथाचा हेतू आहे, अशी भूमिका त्याने घेतली. न्यायालयाने ७ फेब्रुवारी १८५७ रोजी सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. मात्र वाङ्मयाचे कार्य मन उन्नत करण्याचे आहे, असे बजावून कादंबरीतील काही भागांबद्दल कडक नापसंतीही व्यक्त केली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कादंबरी दोन खंडांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली व ती सेनारला अर्पण करण्यात आली.

ह्याच पीनारने ऑगस्ट १८५७ मध्ये शार्ल बोदलेअर ह्याच्या ल फ्लर द्यू माल (म. शी. पापाची फुले) ह्या काव्यसंग्रहावरील खटला चालविला. बोदलेअरला दंड झाला व संग्रहातील सहा कवितांवर बंदी आली. हा निकाल फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे १९४९ रोजी रद्द केला. मिनेलीचा चित्रपट त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत प्रदर्शित झाला, हा एक लक्षणीय योगायोग होय.

सेनारने केलेला बचाव यशस्वी झाला, तरी तो फ्लोबेअरच्या कलाविषयक भूमिकेशी जुळणारा नव्हता. लेखकाने जाणूनबुजून न दिलेला निवाडा वकिलाने त्याच्या वतीने न्यायालयाला देऊन टाकला होता. तथापि फ्लोबेअरने सुनावणीची लघुलिपीत नोंद करवून घेतली होती आणि १८७३ च्या आवृत्तीत सरकारी वकिलाचे भाषण, बचावाचे भाषण व निकालपत्र ही कादंबरीला जोडण्यात आली. अशा रीतीने खटला हा ग्रंथाचाच एक भाग बनला. चित्रपटाच्या पटकथेत त्याला स्थान मिळाले, त्याची पूर्वतयारी अशी पाऊणशे वर्षे आधीच झाली होती.

चित्रपट आणि नीतिसंहिता : अमेरिकेत ग्रंथांना जे संविधानात्मक संरक्षण होते, ते चित्रपटांना दीर्घकाळ नव्हते. चित्रपट-प्रदर्शन हा निव्वळ व्यवसाय आहे, असे कारण देऊन तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ओहायओ राज्याचा सेन्सॉरविषयक कायदा वैध ठरविला होता. निरनिराळ्या राज्यांची सेन्सॉरमंडळे आणि धर्मसंस्थांचा दबाव ह्यांना तोंड देण्यासाठी चित्रपट-उद्योगाने १९३० मध्ये स्वतःच एक नीतिसंहिता स्वीकारली. उद्योगाच्या संघटनेचा अध्यक्ष विल हेज ह्याच्या नावावरून ती ‘हेज संहिता’ म्हणून ओळखली जाते. मार्टिन क्विग्ली हा प्रकाशक आणि डॅन्येल लॉर्ड हा जेझुइट धर्मगुरू हे तिचे कर्ते होत. १९३४ पासून जोसेफ ब्रीन ह्याच्या कार्यालयामार्फत तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. प्रत्येक पटकथा आधी तपासली जाई आणि प्रमाणपत्राशिवाय चित्रपट प्रदर्शित करणाऱ्या सदस्य-संस्थेला २५,००० डॉलर दंडाची तरतूद होती.

विवाहसंस्थेचे पावित्र्य जपले पाहिजे. व्यभिचार कथानकासाठी कधी आवश्यक असला, तरी तो उघडपणे दाखवू नये, त्याचे समर्थन करू नये आणि तो आकर्षक करू नये, असा संहितेचा दंडक होता. पीनारचा आरोप आणि संहितेचे हे कलम ह्यांत फारसे अंतर नाही. व्यभिचार मोहक वाटतो आणि त्याचा धिक्कार करणारे कोणी नाही, हीच मूळ कादंबरीविरुद्धची तक्रार होती. साहजिकच अशी कादंबरी हॉलिवुडच्या चौकटीत बसविणे हे अवघड काम होते.

आधीची रूपांतरे : ह्या कादंबरीवरील सर्वांत उल्लेखनीय असा आधीचा चित्रपट फ्रान्समध्ये झां रन्वार ह्याने दिग्दर्शित केला. तो जानेवारी १९३४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात व्हालांतीन तेसिए ही एम्माच्या, तर दिग्दर्शकाचा भाऊ प्येर रन्वार हा शार्लच्या भूमिकेत होता. दार्यूस मीयो ह्याने संगीत दिले होते. बरेचसे चित्रण नॉर्मंडीतच झाले. मूळ चित्रपट तीन तासांहून अधिक लांबीचा होता. परंतु वितरकांच्या आग्रहामुळे त्याला मोठी कात्री लागली आणि आज केवळ सु. १०० मिनिटांची प्रत उपलब्ध आहे. १९३७ मध्ये जर्मनीत गेर्हार्ट लांप्रेख्ट ह्याने पोला नेग्री हिला घेऊन ह्याच कादंबरीवर चित्रपट काढला. ह्या दोन्ही चित्रपटांत खटल्याचा आधार घेतलेला नव्हता.

१९४९ चा चित्रपट : मिनेली तोपर्यंत मीट मी इन सेंट लुइस (१९४४) व द पायरेट (१९४८) ह्यांसारख्या संगीतप्रधान चित्रपटांसाठी प्रसिद्ध होता. रंगभूमीवर नेपथ्यकार म्हणून काम केले असल्यामुळे दृश्यरचनेवर त्याची उत्तम पकड होती. आर्ड्री हा मूळचा नाटककार; पुढे मानवाच्या उत्क्रांतीविषयीच्या आफ्रिकन जेनेसिस (१९६१) ह्या ग्रंथामुळे तो विशेष प्रसिद्धीस आला.

चित्रपटाचा आरंभ न्यायालयातील दृश्याने होतो. आरोपीच्या पिंजऱ्यातील फ्लोबेअर आपली बाजू मांडतो आणि त्याच्या निवेदनातून एम्माची कथा उलगडत जाते. शेवटी चित्रपट पुन्हा न्यायालयात परततो. इतिहासाशी ताडून पाहता ही रचना काल्पनिक आहे, कारण प्रत्यक्ष खटल्यात लेखकाची बाजू सेनारने मांडली होती. संहितेच्या दृष्टीने मात्र ती अत्यंत सोयीची होती. जे प्रेक्षकाला दाखविले जात आहे, त्याचा नैतिक अर्थही लगोलग सांगितला जाईल, अशी हमी ती देत होती. एम्मा ही जन्मतः दुष्ट नसून, ज्या समाजाने तिला खोट्या स्वप्नांवर वाढविले त्या समाजाची ती निर्मिती आहे, हा चित्रपटातील फ्लोबेअरच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. शेतावरील तिच्या खोलीच्या भिंतींवर लावलेली नियतकालिकांतील चित्रे ह्या प्रतिपादनाचा दृश्य पुरावा म्हणून येतात. पीनारच्या ‘निषेध करणारे पात्र कोठे आहे’ ह्या प्रश्नाला चित्रपटाने असे उत्तर दिले, की स्वतः लेखकच पात्र बनला. मात्र निषेध करण्याऐवजी त्याने नायिकेची वकिली पतकरली. कृतीत सर्वत्र असूनही कोठे न दिसणारा लेखक येथे पडद्यावर दिसू लागला, हा ह्या रूपांतराने दिलेला सर्वांत मोठा मोबदला होय.

कथानकातही काही महत्त्वाचे बदल आढळतात. कादंबरीत एम्मा व ओमे ह्यांच्या आग्रहास्तव शार्ल हा इपोलीत नावाच्या खानावळीतील नोकराच्या वाकड्या पायावर शस्त्रक्रिया करतो. ती फसते, पाय सडू लागतो आणि अखेर दुसऱ्या वैद्याला तो कापावा लागतो. चित्रपटातील शार्ल मात्र आपली कुवत ओळखून ऐन वेळी शस्त्रक्रियेतून माघार घेतो. कादंबरीतील शार्लच्या भोळेपणातून एका गरिबाची कायमची हानी होते. चित्रपटातील शार्ल प्रामाणिक व सहानुभूतीस पात्र ठरतो. पतीला असे निर्दोष केल्यामुळे पत्नीचा अपराध अधिक ठळक होतो. शिवाय अर्धवट ज्ञानाच्या बळावर प्रगतीच्या गप्पा मारणाऱ्या ओमेवरील फ्लोबेअरच्या उपहासाची धारही त्यामुळे बोथट झाली आहे.

नृत्यप्रसंग : संहितेची बंधने असतानाही मिनेलीने जे साधले, त्याचा उत्तम नमुना म्हणजे सरदाराच्या वाड्यातील नृत्याचा प्रसंग होय. ह्या प्रसंगाचे वॉल्ट्झ-संगीत रोझाने आधी रचले व त्याच्या लयीवर चित्रण करण्यात आले. नृत्याची गती वाढत जाते, तसा कॅमेराही नर्तकांबरोबर गरगर फिरू लागतो. पुरुषांनी वेढलेल्या एम्माला सोनेरी चौकटीच्या आरशात आपले प्रतिबिंब दिसते आणि आजवर केवळ चित्रांत पाहिलेले स्वप्न क्षणभर खरे झाल्यासारखे तिला वाटते. नाचताना तिचा जीव गुदमरू लागताच नोकर खुर्च्यांनी खिडक्यांच्या काचा फोडतात. त्याच वेळी मद्याच्या अमलाखाली असलेला शार्ल तिला शोधत गर्दीत धडपडतो व तिचे स्वप्न भंगते.

काचा फोडण्याची घटना मूळ कादंबरीतही आहे. परंतु तिचे प्रयोजन वेगळे आहे. तेथे उकाड्यामुळे एक नोकर दोन तावदाने फोडतो आणि त्या आवाजाने वळलेल्या एम्माला बागेतून आत डोकावणाऱ्या शेतकऱ्यांचे चेहरे दिसतात. त्यांच्या दर्शनाने तिला आपल्या वडिलांच्या शेताची आठवण होते. ज्या वर्गातून ती आली तो वर्ग काचेबाहेर उभा आहे, हे फ्लोबेअर एका साध्या तपशिलातून सुचवितो. चित्रपटाने हा सामाजिक आशय सोडून दिला व त्याऐवजी एम्माच्या मनातील उन्मादाला दृश्यरूप दिले. तथापि ह्या काही मिनिटांत निवेदकाचा आवाज थांबतो, कोणी एम्माचा बचाव करीत नाही की तिला दोषही देत नाही. प्रेक्षक तिच्या मोहात सहभागी होतो आणि त्याच वेळी त्याचा शेवटही पाहतो. कादंबरीच्या वृत्तीशी चित्रपट सर्वांत जवळ येतो तो येथेच. कृष्णधवल चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी असलेल्या ऑस्कर पारितोषिकाकरिता ह्या चित्रपटाचे नामनिर्देशन झाले होते.

शेवटाच्या बाबतीतही दोन्ही कृतींत मूलभूत फरक आहे. ओमेच्या सन्मानाने संपणारी कादंबरी वाचकाच्या हाती केवळ एक कडवट वस्तुस्थिती ठेवते. चित्रपटाच्या शेवटी फ्लोबेअर निर्दोष सुटतो, म्हणजेच अखेरीस न्याय होतो. मृत एम्माला, रस्त्यावर आलेल्या बेर्तला किंवा पाय गमावलेल्या इपोलीतला कादंबरीत न मिळालेला न्याय चित्रपटात लेखकाला मिळतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

नंतरची रूपांतरे : चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये दिला. हेज संहिता हळूहळू दुर्बल होत जाऊन १९६८ मध्ये तिची जागा वयोगटानुसार केलेल्या वर्गीकरणाने घेतली. त्यानंतरच्या रूपांतरकारांपुढे ‘काय दाखवावे’ हा प्रश्न फारसा उरला नाही. निवेदकाचे काय करावे, हा प्रश्न मात्र कायम राहिला. क्लोद शाब्रोल ह्याने १९९१ मध्ये इझाबेल यूपेर हिला एम्माची भूमिका देऊन नॉर्मंडीत चित्रित केलेल्या रूपांतरात मूळ कादंबरीतील निवेदनाचाच पडद्यामागील आवाज म्हणून उपयोग केला. रशियन दिग्दर्शक अलेक्सांद्र सकूरव्ह ह्याने १९८९ मध्ये, तर सोफी बार्थ ह्या दिग्दर्शिकेने २०१४ मध्ये ह्या कथेला चित्रपटरूप दिले.

भारतात केतन मेहता ह्यांनी माया मेमसाब (१९९३) ह्या हिंदी चित्रपटात हे कथानक भारतीय पार्श्वभूमीवर आणले. दीपा साही ह्यांनी नायिकेची, फारूक शेख ह्यांनी तिच्या डॉक्टर पतीची, तर राज बब्बर व शाहरुख खान ह्यांनी तिच्या प्रियकरांच्या भूमिका केल्या. मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ नट श्रीराम लागू हे मायाच्या वडिलांच्या भूमिकेत होते. गुलजार ह्यांच्या गीतांना हृदयनाथ मंगेशकर ह्यांनी संगीत दिले व लता मंगेशकर ह्यांनी त्यांतील गीते गायिली. ह्या चित्रपटाचीही मांडणी मायाच्या अंताविषयीच्या चौकशीच्या रूपाने केलेली आहे. न्यायालयाऐवजी येथे तपास करणारी माणसे आहेत. परंतु नायिकेचे जीवन पुन्हा एकदा साक्षीपुराव्यांतूनच उभे राहते.

मूल्यमापन : आपल्या ग्रंथांत चित्रे घालण्यास फ्लोबेअरचा ठाम विरोध होता. शब्दांतून उभी राहिलेली स्त्री प्रत्येक वाचकाच्या मनात वेगळी असते, चित्रातील स्त्री मात्र कायमची एकच होऊन बसते, असे त्याचे मत होते. ह्या कसोटीवर कोणताही चित्रपट त्याला पटला नसता. एम्माला चेहरा देण्यापेक्षाही तिच्याविषयी मौन पाळणे हे चित्रपटाला अधिक अवघड गेले, असे ह्या रूपांतरांच्या इतिहासावरून दिसते. १८५७ मध्ये शासनाने आणि १९४९ मध्ये उद्योगाच्या संहितेने एकच मागणी केली : लेखकाने आपला निर्णय उच्चारावा. सेनारने वकिलाच्या भाषेत आणि आर्ड्री-मिनेली ह्यांनी पटकथेच्या भाषेत ती पूर्ण केली. त्यामुळे एकदा ग्रंथाची व एकदा चित्रपटाची सुटका झाली, हे खरे; पण निकाल वाचकावर सोपविणारी फ्लोबेअरची कादंबरी ह्या दोन्ही बचावांहून वेगळी आणि अधिक निर्भय आहे. मिनेलीच्या चित्रपटाचे मोल त्याने घेतलेल्या वकिलीत नसून, तिचा काही काळ विसर पडू देणाऱ्या नृत्यप्रसंगासारख्या भागांत आहे.